कुलूपबंद खोली

ठाण्यास चरईतील एका जुन्या दोनमजली चाळीत वरच्या मजल्यावर आमची एक खोली आहे. 'आहे' म्हणावयाचे ते भाड्याच्या पावतीपुरते. कारण चिरंजीवांनी घोडबंदर रस्त्यावर घर घेऊन आम्हां सर्वांस तेथे नेल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षे, तिला कुलूप आहे. खोलीचे भाडे इतके अल्प, की ते पोहोचविण्यास रिक्षाने जावे तर रिक्षावाल्यास त्याहून अधिक द्यावे लागते. तरी आम्ही ते कधी थकविले नाही. सहा महिन्यांचे एकदम भरावे, पावती आणून फडताळात ठेवावी, आणि आपला हक्क शाबूत आहे या समाधानात असावे, असा आमचा क्रम होता. खोली उघडून पाहण्याचे मात्र आमच्या मनातही येत नसे. बंद खोलीत पाहावयाचे ते काय?

गेल्या आषाढात खालच्या खोलीतील काकूंचा निरोप आला, की मास्तरांनी जसे असतील तसे निघून यावे. आम्ही गेलो. रात्री त्यांच्या डोक्यावरील तक्तपोशीची एक फळी चुन्यामातीसकट खाली आली होती. ती पडली नेमकी त्यांच्या अंथरुणावर. काकू त्या वेळी पाणी पिण्यास उठल्या होत्या म्हणून आम्हांस आज हे लिहिता येत आहे. त्यांचे वय पंचाहत्तरीच्या पुढचे. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली, आणि चाळीतील बारा बिऱ्हाडांपैकी राहते असे बिऱ्हाड आता त्यांचे धरून तिघांचेच. बाकी नऊ दारांस कुलपे.

आमचे कुलूप गंजले होते. खोबरेल घालून अर्ध्या तासाने उघडले. कौलांपैकी एकच कौल सरकले होते, मांजराने म्हणा की माकडाने. तेवढ्या फटीतून किती पावसाळे पाणी आत येत होते, देव जाणे. ठाण्यास वर्षाला सुमारे शंभर इंच पाऊस होतो. भिंतीत पिंपळाचे रोप चांगले हातभर वाढलेले, जमिनीवर वाळवीची वारुळे, आणि कोपऱ्यातील ट्रंकेत ठेवलेली आमची शाळेतील टिपणे व एक जुना अमरकोश यांचा केवळ लगदा. तुळईस आम्ही छत्रीचे टोक लावून पाहिले, तर ते बोटभर आत गेले. सागवानाची तुळई ती! राहत्या घरात कौल सरकले, तर त्याच रात्री कोणाच्या तरी अंगावर थेंब पडतो आणि सकाळी कौल नीट होते. रिकाम्या खोलीत तो थेंब पडावयास अंगच नसते.

काकू रागावल्या नाहीत, हे आम्हांस अधिक लागले. जिन्याखाली उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, "मास्तर, तुमचे कुलूप मजबूत आहे हो."

हा प्रकार आमच्याच चाळीचा आहे असे नाही. मासुंदा तलावाच्या भोवतालच्या जुन्या ठाण्यात, जांभळी नाक्यापासून खारकर आळीपर्यंत, संध्याकाळी फिरावयास गेले असता दिवा न लागणाऱ्या खिडक्या मोजाव्या. मोजता मोजता माणूस कंटाळेल. सन २०११ च्या खानेसुमारीत देशातील शहरांत रिकामी घरे एक कोटी अकरा लक्षांच्या घरात भरली. जपानात २०२३ च्या पाहणीत ती नव्वद लक्ष निघाली. तिकडे खेड्यांतून माणसेच उरली नाहीत, हे एक कारण. पण जमिनीवर घर उभे असले की जमिनीचा कर षष्ठांशापर्यंत उतरतो, म्हणून पडके घरही कोणी पाडीत नसे, हे दुसरे. अखेर तेथील सरकारने २०१५ पासून अंमलात आलेल्या कायद्याने, धोकादायक होऊ दिलेल्या रिकाम्या घरांची ही सवलत काढून घेण्याची सोय केली.

आमच्याकडील कारण निराळे आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी साधारणपणे १९४० च्या सप्टेंबरातील दराशी जखडली गेली. त्या काळी ते योग्यच होते. युद्धानंतर आणि फाळणीनंतर माणसांस छप्पर मिळेना. पण पुढे पन्नास वर्षांत कौलांचा भाव कोठल्या कोठे गेला आणि भाडे तेथेच राहिले. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षास शेकडा चार वाढ देऊ केली. मुळात मूठभर असलेल्या रकमेवर शेकडा चार म्हणजे किती, हे आमच्या पाचवीच्या मुलांनीही सांगितले असते. घरमालक म्हणतो, या भाड्यात मी कौले शाकारू कशी? भाडेकरू म्हणतो, चाळ पडून नवी इमारत झाली की घर मिळेल, तोवर खोली सोडू कशी? दोघांचेही गणित बरोबर आहे, आणि दोहोंचे ओझे काकूंच्या तक्तपोशीवर आहे.

रिकाम्या जागांविषयी कायदे झाले नाहीत असे नव्हे. १९४८ च्या जमीन अधिग्रहण कायद्यान्वये, अधिसूचित भागांत जागा रिकामी झाली की मालकाने सरकारास कळवावयाचे, आणि सरकारने ती ताब्यात घेऊन गरजूस द्यावयाची, असा नियम होता. पुढे अशा जागा दशकानुदशके सरकारच्याच ताब्यात राहू लागल्या, तेव्हा १९९४ साली सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले की अधिग्रहण हे तात्पुरते असते, कायमचे नव्हे. १९९९ च्या कायद्यात सोळाव्या कलमाखाली, योग्य कारणावाचून सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालकास ती परत मागता येते. म्हणजे आमची खोली केव्हाच मागता आली असती. पण दावा लावून वर्षानुवर्षे खेटे घालण्यापेक्षा चाळ आपोआप पडण्याची वाट पाहणे मालकास स्वस्त पडते. स्मृतिकार याज्ञवल्क्याने, आपल्या डोळ्यांदेखत दुसरा जमीन भोगीत असता जो बोलत नाही, त्याची जमीन वीस वर्षांत जाते असे म्हटले आहे. न भोगता केवळ कुलूप लावून बसणाऱ्याचे काय करावे, हे त्याने सांगितले असते तर बरे झाले असते. कदाचित असा मनुष्य त्याच्या पाहण्यात नसेल.

महानगरपालिका दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडावयाची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावयाची, सी-२बी म्हणजे माणसे न हलविता दुरुस्त करावयाची, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजीची. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीस मातृकृपा इमारत पडून नऊ माणसे गेली आणि आठवड्याच्या आतच नौपाड्यात कृष्णा निवास पडून बारा गेली. तेव्हापासून ही यादी लोक थोडी अधिक लक्ष देऊन वाचू लागले. पण यादी इमारतींची होते, खोल्यांची होत नाही. अर्धी रिकामी चाळ आतून कशी कुजत आहे, हे बाहेरून पाहणाऱ्यास दिसावे कसे? आमच्या मते प्रत्येक बंद खोलीच्या दारावर किल्ली कोणाकडे आहे त्याचे नाव लिहिलेले असावे, आणि रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी ती एकदा पालिकेच्या माणसासमक्ष उघडलीच पाहिजे, असा नियम करावा. याला खर्च किल्ली फिरविण्याचा.

घरी हा विषय निघाला तेव्हा मोठेच वादळ झाले. चिरंजीवांचे म्हणणे, "अण्णा, आता हात लावलात तर सगळेच हातचे जाईल. अकरा वर्षे भाडे भरले ते कशाला?" सूनबाई काही बोलल्या नाहीत, मात्र जेवताना त्यांनी विचारले, "काकू त्या दिवशी पाणी प्यायला उठल्या नसत्या तर?" त्यावर आमच्या घरात कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी चिरंजीवच एका वकीलस्नेह्यास विचारून आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली असे ठरविले आहे, की पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क नष्ट होत नाही. त्याच वर्षी मुंबईच्या उच्च न्यायालयानेही, मोडकळीस आलेली इमारत पाडण्याआधी प्रत्येकाच्या जागेचे मोजमाप करून ठेवावे असे सांगितले. ज्या भीतीने आम्ही अकरा वर्षे कुलूप लावून बसलो, ती भीतीच बव्हंशी निराधार होती. हे आधी विचारण्यास कोणी आम्हांस अडविले नव्हते.

तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी अभियंत्याकडून करून घेण्याची जबाबदारी महानगरपालिका कायद्याच्या २६५अ कलमाने मालकावर वा भोगवटादारावर आहे, म्हणजे आमच्यासारख्यावरही. आम्ही नऊ कुलपांच्या धन्यांस पत्रे लिहिली, अर्थात त्यांतील एक स्वतःस. पाच जणांची उत्तरे आली. एक पत्र पुण्याहून आले; त्यात त्या गृहस्थांनी, आपली तेथे अजून खोली आहे हे वडील वारल्यापासून आपण विसरलोच होतो, असे प्रांजळपणे लिहिले आहे. मालकाने तपासणीचा अर्धा खर्च देण्याचे कबूल केले. उरलेला आम्ही सहा जणांनी आणि राहत्या तीन बिऱ्हाडांनी वाटून घेतला. काकूंचा वाटा आम्ही भरू म्हणालो, तो त्यांनी भरू दिला नाही.

कौल बसविले, पिंपळ मुळासकट काढला, तुळईखाली तूर्त लोखंडी टेकू दिला आहे. खोलीची दुसरी किल्ली काकूंच्या देवघराजवळच्या खिळ्यास असते. पाऊस सुरू झाल्यापासून दर गुरुवारी आम्ही सकाळच्या बसने चरईस जातो, खोली उघडतो, खिडक्या लावून-उघडून पाहतो, आणि खाली काकूंकडे चहा घेऊन परततो. अभियंत्याचा अहवाल या महिनाअखेर यावयाचा आहे. तो सी-२ए असा आला तर काकूंनाही काही काळ डोंबिवलीस लेकीकडे जावे लागेल. मागल्या गुरुवारी त्यांनी आपली तांब्यापितळेची भांडी मोजून एका पोत्यात भरून ठेवलेली दिसली. तुळशीची कुंडी बसमध्ये घेऊ देतात काय, असे त्यांनी आम्हांस विचारले आहे. पुढील खेपेस चौकशी करून सांगावयाचे आहे.