लग्न मागणारे आणि न मागणारे

समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता हवी, यावर आम्हा समलिंगी माणसांचं एकमत असणार, असं बाहेरून वाटतं. तसं ते नाही, पूर्वीही नव्हतं. 1989 साली अमेरिकेत ‘लॅम्डा लीगल’ या एकाच संस्थेतले दोन वकील जाहीरपणे एकमेकांविरुद्ध लिहीत होते. लग्नसंस्था फारशी आवडत नसली तरी तिचा हक्क मिळवायलाच हवा, हे टॉम स्टॉडर्ड यांचं म्हणणं. पॉला एटलब्रिक यांना धास्ती होती, की लग्न करणारे शहाणे ठरतील आणि न करणारे आणखी कडेला ढकलले जातील.

आपल्याकडे हा वाद जास्तच बोचतो. माझी एक लेस्बियन मैत्रीण म्हणते, “जात बघून पत्रिका जुळवणारी, बाईचं आडनाव पुसणारी ही व्यवस्था. तिच्यात जागा द्या म्हणून मी का विनवू?” मला तिचं पटतं. पण एक मित्र पार्टनरला इस्पितळात दाखल करताना ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यापाशी अडला. ‘मित्र’ एवढंच लिहून, वर्षानुवर्षं तोंड न दाखवलेल्या भावाची सहीसाठी वाट पाहत बसला. त्याच्यापुढे लग्नसंस्थेची चिकित्सा करायला माझी जीभ रेटत नाही.

17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहाची मागणी फेटाळली. सिव्हिल युनियनलाही, म्हणजे लग्नाऐवजी जोडीदारीला कायदेशीर मान्यता देण्यालाही, पाचातल्या तिघा न्यायमूर्तींनी नकार दिला. त्या खटल्यातली रितुपर्णा बोरा आणि इतरांची याचिका मला सगळ्यात मोलाची वाटते. विशेष विवाह कायद्यातली 30 दिवसांची जाहीर नोटीस काढून टाका, असं त्यांनी मागितलं; घरातून पळालेल्या मुलींचा पत्ता त्या नोटिशीतूनच बापाभावांना कळतो. शिवाय रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नसलं तरी आपण निवडलेल्या माणसाला कायद्याने कुटुंब मानावं, असंही मागितलं. माझ्या मित्राचा रकाना त्यात भरला जातो आणि मैत्रिणीला मांडवात उभं राहावं लागत नाही. मला लग्नाचा हक्क हवाच आहे, पण या दुसऱ्या मागणीला सोडून नको. तिच्यावर आमच्यातच फार कमी बोललं गेलं, याचं मला वाईट वाटतं.

ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की समलिंगी जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. चांगलं झालं. पण बँकेतला नॉमिनी पैसे फक्त स्वीकारतो. मृत्युपत्र नसेल तर मालकी रक्ताच्या वारसांकडेच जाते. म्हणून लग्न हवं असणाऱ्यांना आणि नको असणाऱ्यांनाही मी एकच सांगत असतो: आधी मृत्युपत्र करा.