शिवाजी पार्कचा कट्टा आणि आपलं मैदान

परवा कामानिमित्त दादरला गेलो होतो. काम दुपारीच आटोपलं, परतीची गाडी रात्रीची. म्हटलं, शिवाजी पार्कला जाऊन बसू. चार वाजता कट्ट्यावर टेकलो तो साडेसातला उठलो. साडेतीन तासांचा खर्च किती? एक शहाळं आणि दोन वडापाव.

खरं सांगतो, मजा आली. नाव पार्क असलं तरी ते मैदान आहे. फुलझाडांचे वाफे, कारंजी, सेल्फी पॉइंट असलं काही मनात धरून गेलात तर निराश व्हाल. समोर लाल माती, तुकड्यातुकड्यांत गवत, कडेने जुनी झाडं आणि सभोवार तो बुटका कट्टा. मैदान साधारण २८ एकरांचं, कट्ट्याचा फेरा जवळपास १.१७ किलोमीटरचा. गेटवर तिकीट नाही. कारण कट्टा कुठूनही ओलांडून आत जाता येतं.

चार वाजता उन्हातच नेट्स सुरू झाल्या होत्या. मैदानावर एका वेळी पाच-सहा सामने. एकाचा लाँग-ऑन दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा! चेंडू कुणाचा, कुणी फेकायचा, हे त्यांचं त्यांना बरोबर कळतं. रमाकांत आचरेकर सरांनी सचिनला घडवलं ते याच मातीत. पण मी बघत होतो ती दहा-अकरा वर्षांची पोरं. एकाचे पॅड त्याच्या मांडीपर्यंत आलेले. तीनदा आऊट झाला, तीनदा पुन्हा उभा राहिला.

साडेपाचनंतर कट्टा भरला. फेऱ्या मारणाऱ्या बायका, कॉलेजची पोरं, ड्युटी संपवून बूट काढून बसलेला एक वॉचमन. शेजारी एक आजोबा येऊन बसले. "कुठले तुम्ही?" गावाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "बसा निवांत. इथे उठा म्हणणारं कुणी नाही." गेली चाळीस वर्षं ते रोज येतात. घर दोन खोल्यांचं. "हॉल आमचा हा," म्हणाले, मैदानाकडे हात करून.

मित्रहो, हे मैदान आपोआप राहिलेलं नाही. १९२५ साली मुंबई महापालिकेने ते लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा नाव होतं माहीम पार्क. १९२७ मध्ये, शिवरायांच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने ते शिवाजी पार्क झालं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे गाजल्या. १९६६ साली शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा इथेच झाला. आणि दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांना मुक्कामाला जागा मिळते ती इथेच. आपल्या तालुक्यातूनही माणसं जातात. रात्री पथारी टाकतात, सकाळी रांगेत उभी राहतात. दादरमध्ये जमिनीचा भाव काय असेल, विचार करा. तिथे २८ एकर शंभर वर्षं मोकळे राहिलेत.

सगळं गोडगोड आहे असं नाही. लाल मातीची धूळ आसपासच्या घरांत जाते, रहिवासी वैतागलेत. सभांच्या भोंग्यांवरून प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परिसर शांतता क्षेत्र ठरवला. खेळणारे, सभा घेणारे, राहणारे यांच्यात कुरबुरी चालूच असतात. पण मला त्यात चांगलंच दिसलं. मैदानावर भांडायला माणसं येतात, म्हणजे मैदान आपलं आहे असं त्यांना वाटतं.

आता आपल्याकडे या.

आपल्या गावात खेळाचं मैदान म्हणून आरक्षित जागा एकच उरली आहे, ती बाजारतळाच्या मागची. एका कोपऱ्यात मुरमाचा ढीग, दुसऱ्यात बंद पडलेली घंटागाडी, आणि मधल्या जागेत पोरं स्टंपाऐवजी विटा लावून खेळतात. तिथे आता व्यापारी संकुलाचा प्रस्ताव आहे. खाली गाळे, वर हॉल आणि 'उर्वरित जागेत सुशोभित उद्यान'. उर्वरित म्हणजे किती, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, नकाशा तयार होतोय.

सुशोभित उद्यान म्हणजे काय, ते आपण पाहिलंय. उद्घाटनाला कारंजं उडतं, पुढच्या उन्हाळ्यात त्याची मोटर जळते. मग गेटला कुलूप. किल्ली कुणाकडे, ते कुणालाच माहीत नसतं. आणि गवतावर पोरं खेळली की शिट्टी.

गाळ्यांच्या बाजूनेही मुद्दे आहेत. नगरपरिषदेला उत्पन्न हवं, रस्त्यावर बसणाऱ्या व्यापाऱ्यांना छप्पर हवं. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. पण गाळे दुसरीकडेही बांधता येतील. मैदान दुसरीकडे कुठे काढणार? आजूबाजूचं सगळं एनए होऊन गेलंय.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. मंजूर विकास आराखड्यातलं आरक्षण सभागृहात हात वर करून उडत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये कलम ३७ आहे. त्यानुसार बदल करायचा तर सूचना प्रसिद्ध करावी लागते, हरकतींसाठी लोकांना एक महिना द्यावा लागतो आणि मंजुरी राज्य सरकारची लागते. अडचण एवढीच की ती सूचना आपण वाचत नाही. पेपरात आतल्या पानावर, बारीक अक्षरात असते. महिना निघून जातो आणि मग आपण पारावर बसून हळहळतो.

यावेळी सूचना निघाली की त्याच दिवशी इथे टाकीन. हरकत साध्या कागदावर, साध्या मराठीत लिहिली तरी चालते. नाव, पत्ता, सही, आणि आवक विभागाचा शिक्का मारलेली पोच मात्र घ्या. व्हॉट्सअॅपवरचा संताप फाइलला लागत नाही.

तोवर एक करा. रविवारी संध्याकाळी त्या मैदानावर या. पोरांना खेळू द्या, आपण कडेला बसू. आजी-आजोबांना आणा, शेंगदाणे आणा. जागा वापरात असली की ती 'पडीक' आहे असं लिहायला कुणाचाही पेन जरा अडखळतो.

कट्टा नाही तिथे, ठाऊक आहे. सतरंजी मी आणतो.