हिंगोलीतली जर्मन टोपी

मुंबईकर मनुष्य "हिंगोलीला जाऊन आलो" म्हणाला, की ऐकणारा लगेच विचारतो, "औंढ्या नागनाथाला का?" प्रश्न रास्तच आहे. भाविक ज्याला बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानतात ते नागनाथाचे देऊळ याच जिल्ह्यात, आणि नामदेवरायांचे नरसी गावही इथलेच. आम्ही मात्र त्या खेपेस गेलो होतो ते एक टोपी पाहायला; आणि तीही कुणा जर्मन आरमारी अधिकाऱ्याची!

अकोला-पूर्णा रेल्वेवरचे, कयाधूकाठचे हे गाव १ मे १९९९ पासून जिल्ह्याचे ठिकाण झाले. पण त्याची जुनी ओळख छावणीची. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली जी फौज होती, जिला 'हैद्राबाद कंटिंजंट' म्हणत, तिचे एक मोठे ठाणे इथे होते. १९०२ च्या वऱ्हाडच्या करारानंतर, १९०३ साली ती फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिळवून टाकण्यात आली. तिच्या पायदळ पलटणींपासून पुढे १९२२ साली हैद्राबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ साली तिलाच कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले. घोडी गेली, घोडेस्वार गेले. 'रिसाला बाजार' हे नाव तेवढे गावात राहिले.

आमचे यजमान निवृत्त शिक्षक. त्यांच्या पुतण्याने एका फिरत्या व्यापाऱ्याकडून ही टोपी बावीस हजारांना घेतली होती. "तसल्याच आणखी चार देतो, मुंबईत दामदुप्पट होतील," असे त्या गृहस्थाने सांगितलेले. त्यापायी सोयाबीनचा सगळा पैसा घालायचे मुलाच्या मनात होते, आणि मार्गशीर्षात तर बहिणीचे लग्न! जुन्या लष्करी वस्तू जमवणाऱ्यांच्या संगतीत आम्ही बरीच वर्षे काढली आहेत. म्हणून काकांचे बोलावणे आले.

टोपी दिसायला झोकदार. गडद निळे कापड, भोवती काळी पट्टी, कपाळावर गरुड, आणि पुढच्या छज्ज्यावर ओकच्या पानांची सोनेरी ओळ. १९३५ ते १९४५ या काळात जर्मन आरमाराला 'क्रीग्समरीन' म्हणत. त्यांच्या टोपीचा छज्जा पाहून हुद्दा कळे. कनिष्ठ अधिकाऱ्याला साधी नागमोडी किनार, वरच्याला पानांची एक ओळ, ॲडमिरलला दोन. इथे ओळ एक, आणि व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवर मात्र 'लेफ्टनंट'! पहिली शंका तिथेच आली.

पण नुसत्या शंकेवर निकाल देऊ नये. टोपी बाहेरून पाहावी आणि आतून ओळखावी. कपाळाला टेकणारी आतली चामडी पट्टी घामाने काळवंडते, कडक होते, तिला डोक्याचा आकार येतो. इथे बाहेर मळ भरपूर, आणि आत पट्टी कोरी! मग कोपऱ्यावरच्या दुकानातला नोटा तपासायचा जांभळा दिवा आणवला. शिवण चांदण्यासारखी चमकली. तरी आम्ही थांबलो, कारण आजच्या साबणाने धुतलेले जुने कापडही कधी असे चमकते. शेवटी आतल्या शिवणीचा एक दोरा उसवून काडीवर धरला. सुती दोरा जळून राख होते. हा वितळला आणि त्याची काळी गोळी झाली. पॉलिएस्टरचा शोध १९४१ सालचा, इंग्लंडमधला. त्याचा धागा बाजारात आला तो युद्ध संपल्यानंतर. टोपी त्या आरमाराची नव्हेच.

"पण काका, त्यानं पावती दिली ना!" पुतण्या कळवळून म्हणाला.

पावतीवरून याच गावची एक गोष्ट आठवली. मेडोज टेलरने १८३९ साली ठगांवर जी कादंबरी लिहिली, तिच्या प्रस्तावनेत ती आहे. हिंगोलीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. मुंबईहून कापड आणायचे म्हणून त्याने साहेबाकडून रीतसर परवाना घेतला. वाटेत खऱ्या मालकाला आणि त्याच्या माणसांना ठार केले, आणि तेच कापड छावणीत उघड्यावर विकले. परवाना खरा, कापड खरे, खोटा होता तो फक्त मालक! तेव्हा वाचकहो, कागद पाहून वस्तू घेऊ नये. वस्तू पाहून कागद वाचावा.

मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग उठून त्याने व्यापाऱ्याला फोन केला आणि चार टोप्यांना नाही म्हणून सांगितले. बावीस हजार गेले ते गेलेच. लग्नाचे पैसे वाचले.

रात्री जेवणानंतर काकांनी देवघरातून एक डबी आणली. आत पितळेचे एक बटण. दसऱ्याला शस्त्रांबरोबर त्याची पूजा होते. "आमचे खापरपणजोबा रिसाल्यात होते, असं सांगतात. विकायचं नाही, पाहुणे. खरं आहे का, तेवढं सांगा."

बटणावर मुकुट होता, मधोमध किंचित दबलेला. व्हिक्टोरिया राणीच्या वेळचा मुकुट असा असे. १९०१ नंतर, सातव्या एडवर्डच्या काळात, तो घुमटासारखा गोल झाला. मागे लंडनच्या कारखान्याचे झिजलेले नाव, आणि कडा बोटांनी गुळगुळीत झालेल्या. आम्ही म्हणालो, "काका, हे छावणीच्या काळचं आहे. शंभर वर्षांहून जुनं, तेव्हा १९७२ च्या कायद्याप्रमाणं उद्या कुणी मागितलं तरी परदेशी पाठवता यायचं नाही. पण ते कुणाच्या अंगरख्यावर होतं, हे काही बटण सांगत नाही."

काकांनी डबी मिटली.

"ते आम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले, आणि पुतण्याच्या हाती डबी देऊन त्याला ती देवापुढे ठेवायला सांगितली.