पुण्याचा कारागीर

परवा पुतणीची पोरगी सुट्टीला आली होती. नववीत आहे, पुण्यात राहते. मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाली, "आजोबा, मला गिटार शिकायचीय. यातली कुठली भारी?"

बघतो तर सगळी मातब्बर मंडळी. मार्टिन, टेलिकास्टर, स्ट्रॅटोकास्टर, लेस पॉल. मी म्हटलं, "थांब. आधी तुला एक दाखवतो." आणि माळ्यावरची खोळ खाली काढली.

आमचं घर सुताराचं. वाई तालुक्यातलं डोंगराच्या कडेचं गाव. माझे वडील, म्हणजे आबा, गावचे सुतार. नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाकं, दाराच्या चौकटी. सुगीला खळ्यावर बलुतं मिळायचं. मी हायस्कुलात जाईपर्यंत लोखंडी अवजारं घरोघर झाली, मग ट्रॅक्टर आला. आबांचे रंधे आणि वाकस पडवीत नुसते टांगून राहिले. कुणी खाटेचा पाय घेऊन आलं, तरी त्या दिवशी आबा दोन घास जास्त जेवायचे.

१९८६ साली दहावीची परीक्षा देऊन मी मे महिन्यात पाचगणीला एका बंगल्यावर कामाला राहिलो. तिथं पाहुण्यांच्या हातून एक गिटार पडली. कलकत्त्याच्या बनावटीची. मान तुटून मुंडकं तारांना लोंबकळत होतं. पाहुणे ती टाकून गेले. मी रखवालदाराला विचारून ती पोत्यात घातली आणि पसरणीचा घाट उतरलो.

आबांनी ती उलटसुलट करून पाहिली. नखानं टकटक केली, वास घेतला. मग तुटलेल्या जागी बोट ठेवून म्हणाले, "हे बघ. मानंचं लाकूड उभ्या रेघेचं हाय. मुंडकं मागं वळवलं, तितं रेघा तुटल्या. मोडणारच की! लाकूड म्हंजे काय बैलाचं शिंग हाय व्हय वळायला?"

गिटार त्यांनी जन्मात पहिल्यांदा हातात घेतली होती. पुढं कितीतरी वर्षांनी मी वाचलं, की गिब्सनच्या लेस पॉल गिटारचं नेमकं हेच दुखणं. १९५२ साली बाजारात आलेली, महोगनीच्या अंगाची, आवाजाला भरदार. पण मान आणि मुंडकं एकाच तुकड्यातून कोरलेलं आणि मुंडकं मागं कललेलं. पडली, की बहुतेक तिथंच मोडते.

कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरनं ही भानगड ठेवलीच नाही. मुंडकं मानेच्या ओळीतच ठेवलं आणि मान अंगाला चार स्क्रूंनी आवळली. खराब झाली, तर काढून दुसरी बसवा. १९५१ ची टेलिकास्टर आणि १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर ही त्याची अवजारं. मुळात हा माणूस रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. आबांना तो पटला असता. रुमणं मोडलं म्हणून नांगर कुणी फेकून देत नाही.

आबांनी मोडकं मुंडकं कापून टाकलं. जुन्या गाडीच्या साट्यातला सागवानी तुकडा घेतला, त्याचं नवं मुंडकं घडवलं, खुंट्यांना सहा भोकं पाडली. मानेचं टोक आणि मुंडकं, दोन्ही लांब तिरपी तासून एकमेकांवर बसवली. सरस तापवून लावला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी सांधा करकचून बांधला. तीन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी पट्ट्या सोडल्या, तेव्हा पडवीत आठ-दहा माणसं जमली होती. आबांच्या हातची ती शेवटची मोठी कामगिरी.

गिटार घेऊन मी साताऱ्याला कॉलेजात गेलो. एकदा खोलीवर पोरं जमली होती. एकानं सांध्यावरून बोट फिरवलं. "काय झकास बसवलाय रे! कुणी केला?"

"पुण्याच्या कारागिरानं," मी म्हणालो.

मान वर केली, तर दारात आबा. खांद्यावर ज्वारीची पिशवी, हातात आईनं दिलेला चटणीचा डबा. ते आत आले, चहा प्याले, पोरांची नावं-गावं विचारली. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. एसटीत चढता चढता म्हणाले, "पुन्याचा कारागीर बरा दिसतोय. सांधा हालला न्हाई अजून."

हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मलाही काढवला नाही. १९९८ साली आबा गेले.

त्यानंतर गिटारवरचं काही हाती लागलं, की मी वाचत सुटलो. मार्टिनची गोष्ट वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसलो. जर्मनीतल्या त्यांच्या गावी व्हायोलिन करणाऱ्यांची तक्रार होती, की हे सुतार लोक, यांनी गिटारी करू नयेत. शेवटी ख्रिस्तियन फ्रेडरिक मार्टिन १८३३ साली अमेरिकेला निघून गेला. मोठ्या पोटाच्या ज्या गिटारला आज जग 'ड्रेडनॉट' म्हणतं, ती त्याच सुताराच्या घराण्यातली.

आणि ब्रायन मेची 'रेड स्पेशल'. १९६३ साली लंडनमध्ये या पोरानं आणि त्याच्या बापानं मिळून ती घरीच करायला घेतली. दोन वर्षं लागली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, किड्यांची भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवलेली. अंगाला जुन्या टेबलाचं ओक, आत मोटारसायकलच्या स्प्रिंगा, मानेवरचे ठिपके आईच्या शिंपल्यांच्या बटनांचे. पुढं पोरानं खगोलशास्त्राचं संशोधन सोडून 'क्वीन' बँड धरला, ते बापाला रुचलं नाही. पण पोरगा हजारो लोकांपुढं तीच गिटार घेऊन उभा राहिला, आणि ती बापाबरोबर केली हे सांगत राहिला. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. मी ज्या गावातून पोतं खांद्यावर टाकून उतरलो, त्याच गावात.

"मग मी कुठली घेऊ?" पोरीनं विचारलं.

"पहिली साधी घे. नायलॉनच्या तारांची घेतलीस, तर बोटं कमी दुखतील. एक डोळा मिटून मान सरळ आहे का बघ, सुतार फळी बघतो तशी. तारा मानेपासून फार वर नकोत. बाकी मोठी नावं ओळखून ठेव, घाई नाही."

तिनं माझी गिटार मांडीवर घेतली. बोट बरोबर सांध्यावर गेलं. "हे कुणी केलंय?"

"तुझ्या पणजोबांनी. गावचे सुतार होते."

तिनं सांध्याचा फोटो काढला आणि खाली काहीतरी लिहून मैत्रिणींना पाठवू लागली. मी चष्मा शोधला, तिच्या खांद्यावरून वाकून पूर्ण वाचलं. पुण्याचं नाव कुठं नव्हतं.