उन्हाळी

मार्च उजाडला की आमच्या सोलापुरात ओपीडीत एक वाक्य रोज कानावर येतं, "डॉक्टर, उन्हाळी लागलीय." लघवीला जळजळ, थेंब थेंब. घरी धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा सुरू असतो. बहुतेकांना तेवढं पुरतंही. चाळीस अंशांच्या वर पारा गेल्यावर मागावर उभा असलेला माणूस पाणी कमी पितो, लघवी दाट होते. तरीही मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून मला या शब्दाची धास्ती वाटते, कारण त्याच्या आडोशाला आजार वर्षानुवर्षं लपून राहतो.

शहराच्या पूर्व भागातले साठीचे एक यंत्रमाग कामगार सात-आठ वर्षं 'उन्हाळी' अंगावर काढून आले. प्रोस्टेटमुळे लघवी साचायची, त्यातून मूत्राशयात खडा झालेला. दुर्बिणीतून निरोगी मूत्राशयाचं अस्तर फिकट गुलाबी दिसतं, त्यावर पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या बारीक रक्तवाहिन्या. इथं सगळीकडे लाल, सुजलेली मखमल होती. खड्याआड एक पांढुरका, खरखरीत चट्टा. तुकडा तपासला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे चपट्या पेशींचा कर्करोग निघाला.

सूज ही खरं तर शरीराची राखण. जखम झाली की पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतू मारायला तिखट रसायनं सोडतात. त्यांची झळ शेजारच्या पेशींच्या डीएनएलाही लागते. मेलेल्या पेशींची जागा भरायला उरलेल्या पेशी भराभर विभागतात आणि झालेली चूक दुरुस्त होण्याआधीच तिची पुढची प्रत निघते. आठवड्यात सूज उतरली तर काळजी नाही. साध्या जंतुसंसर्गाने कुणी कर्करोगाची भीती घेऊ नये. पण खडा किंवा लघवीसाठी घातलेली कायमची नळी वर्षानुवर्षं टोचत राहिली, तर अस्तर आपला स्वभावच बदलतं, कातडीसारखं चपट्या पेशींचं होतं.

याचा सर्वांत ठळक पुरावा इजिप्तचा. तिथं शिस्टोसोमा या कृमीची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत रुतून बसायची आणि याच जातीचा कर्करोग व्हायचा. हा कृमी आपल्यालाही परका नाही. 1952 साली गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याची लागण नोंदवली होती.

मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण मात्र तंबाखूचा धूर. विड्या वळणाऱ्या या शहरात हे मी रोज सांगतो. धुरातली विषं मूत्रपिंडातून गाळली जाऊन मूत्राशयात येतात आणि तासन्‌तास तिथं थांबतात. लघवीत एकदाच रक्त दिसलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरी दाखवायला या. न दुखणाऱ्या रक्ताला मी जास्त घाबरतो.

गंमत अशी की वरवरच्या गाठींवर आम्ही सूजच औषध म्हणून वापरतो. 1976 पासून क्षयाची बीसीजी लस मूत्राशयात सोडली जाते. तिच्यामुळे येणारी सूज मोजकी, जागती असते, पांढऱ्या पेशींना शत्रू दाखवून देणारी.

त्या कामगारांचं मूत्राशय काढावं लागलं. परवा तपासणीला आले ते पोटावरची पिशवी सांभाळत, कारखान्यातल्या एका तरुणाला घेऊन. "याला पण उन्हाळी लागलीय, डॉक्टर. बघा जरा." त्याच्या लघवीत पू होता, रक्त नव्हतं. मी त्याला सोनोग्राफी लिहून दिली.