आवळण्याचे माप

आम्ही ३२ वर्षे कारखान्यात फिटर म्हणून काढली. स्क्रू किती आवळायचा हे आमच्या मनगटाला कळते, त्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही, असा आमचा अभिमान होता. तो २०१९ साली न्यूझीलंडच्या ओटागो प्रांतात एका सशाने उतरवला.

आमचा धाकटा तेथे मेंढ्यांच्या शेतावर यंत्रे सांभाळतो. युरोपीय वसाहतवाल्यांनी १९ व्या शतकात आणलेले ससे तेथील कुरणे फस्त करतात. त्यामुळे त्यांची शिकार हा शेतीचाच एक भाग होऊन बसला आहे. धाकट्याने आपल्या बावीस बोअरच्या रायफलीसाठी नवी दुर्बीण आणली होती.

"पप्पा, आधी माहितीपत्रक वाचू या," तो म्हणाला.

"पत्रक तू वाच," असे म्हणून आम्ही ॲलन की हाती घेतली.

दुर्बिणीची कडी ज्या पट्टीवर बसतात, तिचे स्क्रू जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाडीचे. आम्ही ते बोटे दुखेपर्यंत आवळले. एक स्क्रू शेवटी किंचित मोकळा फिरल्यासारखा वाटला. आम्ही दुर्लक्ष केले. सायंकाळी कागदी लक्ष्यावर नेम बरोबर लागला.

दुसऱ्या दिवशी ५० मीटरवरील सशाच्या डोक्यावर धरलेला नेम त्याच्या मागच्या पायाला लागला. ससा फरफटत झुडपात शिरला. जखमी जनावर तसेच सोडायचे नाही, असा धाकट्याचा दंडक. तासभर काट्यांतून हिंडल्यावर तो सापडला आणि त्याच्या यातना संपल्या. धाकटा आम्हांला एका शब्दानेही बोलला नाही. तेच अधिक लागले.

रात्री दुर्बीण उतरवली. त्या स्क्रूचे आटे गेले होते, आणि कड्यांनी ॲल्युमिनियमच्या नळीवर वळ उठवले होते. दोन कड्यांत १० सेंटीमीटर अंतर असताना एक कडे कागदाच्या जाडीएवढे, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग जरी सरकले, तरी ५० मीटरवर नेम ५ सेंटीमीटर चुकतो. सशाचे डोके ते केवढे!

मग पत्रक वाचले. भोकातले आटे सुदैवाने शाबूत होते. ते पुसून तेलाचा अंश काढला, नवा स्क्रू घातला. कड्यांचे स्क्रू एकदम न आवळता तिरकस क्रमाने थोडेथोडे आवळले. झाकणाची फट दोन्ही बाजूंना सारखी राखली. शेवटी टॉर्क रेंच, सुमारे २ न्यूटन-मीटरवर. मोटारीच्या चाकाच्या नटाला १०० च्या आसपास लागतात. रेंच 'टक्' करून थांबला तेव्हा आम्हांला वाटले, आत्ता कुठे आवळायला सुरुवात झाली!

आवळलेला स्क्रू किंचित ताणला जातो आणि पुन्हा आखडू पाहतो. त्या ओढीनेच दोन भाग एकत्र धरले जातात. ताण मर्यादेबाहेर गेला की ओढ संपते. जादा आवळणे हाही ढिलेपणाच, हे उभ्या नोकरीत ठाऊक असून आम्ही विसरलो होतो.

काही गोळ्या झाडल्यावर स्क्रू पुन्हा तपासायचे होते. धाकट्याने रेंच आमच्यापुढे धरला. "पप्पा, तुम्हीच बघा."

एकही स्क्रू हलला नव्हता.

आता घरी पंखा बसवायचा झाला, तरी आम्ही आधी पत्रक शोधतो. सौ. हसते. आम्ही हसू देतो.