सड्यावरची करवंदं

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दापोलीजवळ नानीच्या गावी जातो. फजरच्या नमाजनंतर डबे घेऊन सड्यावर निघायचं. जांभ्या दगडाच्या त्या माळावर करवंदीच्या काटेरी जाळ्या. काळं करवंद दातानं फोडायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी! बोटांना चीक लागतो, ओढणी काट्यात अडकते, पण डबा भरतो.

घरी आलं की करवंदं मिठाच्या पाण्यात धुऊन चीक काढायचा. पिकलेल्यांचं सरबत, हिरव्यांचं लोणचं. नानी तर कच्ची करवंदं ठेचून मच्छीच्या सालनातही घालते.

यंदा निम्म्या जाळ्या दिसल्याच नाहीत. प्लॉट पाडायला जेसीबी फिरला होता. बाजारात पानाच्या द्रोणातून करवंदं विकणाऱ्या कातकरी मावशी म्हणाल्या, "आता लई लांब जावं लागतं." आमची सुट्टीतली मौज कमी झाली, त्यांची मात्र रोजी.

म्हणून यंदा सरबत गाळल्यावर बिया टाकल्या नाहीत. ताज्याच नानीच्या कुंपणालगत लावल्या. करवंदीच्या कुंपणातून गुरं आत शिरत नाहीत. तुमच्याकडे हातभर जागा असेल, तर मूठभर बिया तुम्हीही लावा.